पैसेवारी उत्तरांची

महसूल खात्यात ज्याने चार-दोन पावसाळे काढलेत, त्याला टक्केवारीचं भय वाटत नाही आणि तिच्यावर फारसा विश्वासही बसत नाही. सप्टेंबर सरता सरता नजरअंदाज पैसेवारी जाहीर व्हायची, पुढे सुधारित, शेवटी अंतिम. गावातली काही शेतं निवडायची, हलकी घ्यायची, भारी घ्यायची, ठरावीक मापाचा चौकोन आखून आतलं भात कापायचं, झोडायचं, तोलायचं आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. निघालेला आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाची सूट, तहकुबी, वसुली ठरायची. पनवेल तालुक्यात पाऊस कमी पडत नाही, तो नको तेव्हा पडतो. त्यामुळे आकडा बहुतेक वर्षी पन्नासच्या वरच. तरीही कापणीच्या दिवशी हुज्जत व्हायचीच. सरपंच म्हणायचे हे शेत घ्या, ग्रामसेवक म्हणायचे ते घ्या; चौकोन बांधालगत आखायचा की मधोमध, यावर अर्धी सकाळ जायची. तराजूवरून भांडण झालेलं मला आठवत नाही.

जुनी मंडळी याला आणेवारीच म्हणत. रुपयाचे सोळा आणे, म्हणून पूर्ण पीक सोळा आणे. नाणी बदलली, दशमान पद्धत आली आणि आण्याचे पैसे झाले. पीक तेच, शेत तेच, वादही तोच.

माझी भाची महाप्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माणसाने साध्या भाषेत विचारलेल्या प्रश्नावरून यंत्र डेटाबेसची क्वेरी लिहितं. ते किती वेळा बरोबर लिहितं याचे जगभरचे आकडे ती जमवते. निवृत्त मामाला काहीतरी उद्योग हवा, म्हणून त्या आकड्यांचा आलेख काढायचं काम तिने माझ्याकडे दिलं. लाईन आळीतून आलेखाचे कागद आणले, आडव्या रेषेवर सालं मांडली, उभ्या रेषेवर शून्य ते शंभर. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, “मामा, इथे लिहा, एक्क्याण्णव टक्के.” मी विचारलं, “कोणत्या शेतातले?” तिला वाटलं मी थट्टा करतोय.

डेटाबेस म्हणजे एकमेकांशी बांधलेले तक्ते. एसक्यूएल ही त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा: कोणते रकाने हवेत, कोणत्या तक्त्यातून, कोणत्या अटीवर, दोन तक्ते कुठल्या क्रमांकाने जोडायचे. भाचीने हे मला समजावायला घेतलं तेव्हा मला नवीन काही ऐकतोय असं वाटलं नाही. तलाठ्याच्या दप्तरात हेच होतं, फक्त कापडात बांधलेलं.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. पुढे गावच्या हिशेबाचे नमुने एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने आपल्या मॅन्युअलमध्ये बांधून दिले. साहेब केव्हाच गेले, पण ‘अँडरसन काय म्हणतो ते बघ’ हे वाक्य आमच्या पिढीपर्यंत कचेरीत ऐकू यायचं. गाव नमुना एक ते एकवीस. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणतं. हे दोन एका कागदावर आले आणि सातबारा झाला. सहा म्हणजे फेरफार. आठ-अ म्हणजे खातं, एका माणसाची गावातली सगळी जमीन एका पानावर. आणि हे सगळे एकमेकांना क्रमांकांनी बांधलेले. सातवर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा. तो हातात धरून सहाच्या नोंदवहीत गेलं की नाव का लागलं ते कळतं: खरेदीने, वारसाने, वाटणीने की १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळाला मालकी मिळाल्याने.

आता समजा कोणी विचारलं, अमुक खातेदाराने कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीपैकी किती विकली? मुरलेला तलाठी आधी आठ-अ काढणार, त्यावरून सर्व्हे नंबर, मग प्रत्येक सात, त्यावरचं वर्तुळ, तिथून सहा. चार वह्या उघड्या, प्रत्येकीत एक बोट. भाचीच्या भाषेत हा तीन जॉइनचा, म्हणजे तीन जोडण्यांचा, प्रश्न झाला. तलाठ्याच्या भाषेत तो ‘उद्या या’ असा असायचा.

कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी हा विचार गणिताच्या शिस्तीने मांडला तो जून १९७० मध्ये. माहिती तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांना मूल्यांनी जोडा, आणि माहिती आत कुठे कशी रचली आहे याची काळजी विचारणाऱ्याला करायला लावू नका, असं त्यांचं म्हणणं. योगायोग असा की त्याच वर्षी १७ मार्चला मुंबईत सिडकोची स्थापना झाली आणि पुढे ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जगातले तक्ते नीट लावायचा सिद्धांत तिकडे छापून येत होता आणि आमचे तक्ते इथे पुढच्या अर्ध्या शतकासाठी उलटेपालटे व्हायच्या बेतात होते.

कॉड यांच्या कल्पनेवर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये भाषा उभी केली. तिचं नाव सीक्वेल. ते दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हाशी भिडलं म्हणून पुढे एसक्यूएल झालं. बॉइस त्याच वर्षी, ऐन तारुण्यात वारले. प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही ही भाषा वापरता यावी, असा त्यांचा हेतू होता. तसं झालं नाही. सरकारी कचेऱ्यांत ती लिहिणारा माणूस नेहमी वेगळ्या खोलीत, बहुधा वातानुकूलित, आणि प्रश्न असणारा माणूस बाहेर बाकावर. मधली भिंत पाडायचा खटाटोप म्हणजेच माझ्या आलेखाचा विषय.

आलेखावरचा पहिला ठिपका चंद्रावरचा आहे. विल्यम वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलो ११ ने आणलेल्या खडकांच्या रासायनिक विश्लेषणाचा डेटाबेस घेऊन ‘ल्यूनार’ नावाची प्रणाली बांधली. भूवैज्ञानिकाने साध्या इंग्रजीत विचारायचं, अमुक प्रकारच्या खडकांत ॲल्युमिनियमचं सरासरी प्रमाण किती, आणि यंत्राने शोधून सांगायचं. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या चांद्रविज्ञान परिषदेत ती मांडली गेली. तिथे आलेल्या १११ प्रश्नांपैकी ७८ टक्के तिने सोडवले. किरकोळ दुरुस्त्यांनी सुटले असते ते धरले तर ९० टक्के. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच नव्वद! भाचीच्या कंपनीतल्या पोरांना हे सांगितलं तर ती गोरीमोरी होतील. पण परीक्षा कोणाची होती ते बघायला हवं. एकच डेटाबेस, एकाच विषयाचा, आणि विचारणारे सगळे त्याच विषयातले पंडित. एका गावाच्या एकाच सर्व्हे नंबरातली पैसेवारी.

ऐंशी-नव्वदच्या दशकांवर मी फार वेळ घालवला नाही. विमानांच्या वेळापत्रकांवर प्रश्न, अमेरिकेतल्या नद्या आणि राज्यांच्या राजधान्यांवर प्रश्न. १९९६ च्या सुमाराचा तो भूगोलाचा प्रश्नसंच वाढत ८८० प्रश्नांचा झाला आणि पुढची कित्येक वर्षं संशोधक त्याच त्याच शेतात कापणी करत राहिले.

खरी गर्दी २०१७ पासून. सेल्सफोर्स कंपनीच्या संशोधकांनी विकिपीडियातले चोवीस हजारांहून अधिक तक्ते घेतले आणि त्यांवर ८०,६५४ प्रश्न तयार केले. ‘विकीएसक्यूएल’ हे त्याचं नाव. त्यांच्या स्वतःच्या पद्धतीला ५९.४ टक्के मिळाले. दोन वर्षांत दक्षिण कोरियातल्या नेव्हर कंपनीच्या चमूने ८९.६ गाठले आणि जाहीर केलं की यंत्र माणसाच्या १.३ टक्के पुढे गेलंय. भाची हे मोठ्या कौतुकाने वाचत होती. मला त्यांच्याच निबंधातलं दुसरं एक विधान जास्त मोलाचं वाटलं: यंत्राच्या उरलेल्या चुकांपैकी मोठा वाटा हा उत्तरपत्रिकेतच चुकीची उत्तरं लिहिल्यामुळे होता. शिवाय या संचातला प्रत्येक प्रश्न एकाच तक्त्यापुरता. जॉइन नाही. आठ-अ उघडून आठ-अवरच संपणारे प्रश्न.

उत्तरपत्रिका कोण लिहितो, हा प्रश्न महाराष्ट्रात दोनशे वर्षांचा जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या जमिनीची पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास केली. माणूस हुशार. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याला पाठ. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा, असं त्याचं देखणं गणित होतं. गणितात चूक नव्हती. पण शेतावर जाऊन माप आणि प्रत लिहिणारी माणसं अर्धवट शिकलेली, काही लाचावलेली. लिहून आलेले आकडेच खोटे. त्यावर बसवलेला सारा रयतेला झेपेना, गावं ओस पडू लागली आणि सगळं काम टाकून द्यावं लागलं. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडूनच दिला. मातीची खोली आणि पोत बघून नऊ वर्ग केले, पहिल्याला सोळा आणे, शेवटच्याला दोन आणे, आणि वर्ग लावणाऱ्याने लावलेली प्रत वरच्या अधिकाऱ्याने काही शेतांत स्वतः फिरून पुन्हा तपासायची असा दंडक घातला. कोकणात ही पद्धत आली तेव्हा भातशेतीला तिचं कोष्टक जसंच्या तसं चालेना. इथे मातीच्या खोलीइतकंच पाणी किती टिकतं आणि खाडीचं खारं पाणी किती आत येतं, हे बघावं लागतं. इंदापुरात उत्तम उतरलेली कसोटी पनवेलच्या खाडीकाठी अपुरी पडली.

येल विद्यापीठातल्या ताओ यू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच केलं, इंदापूर सोडून बाहेर पडले. ‘स्पायडर’ या त्यांच्या संचात १०,१८१ प्रश्न आणि २०० डेटाबेस आहेत, १३८ निरनिराळ्या विषयांचे. प्रश्न आणि उत्तरं लिहायला अकरा विद्यार्थी बसवले. आणि मुख्य अट अशी, की यंत्र ज्या डेटाबेसांवर शिकलं ते परीक्षेत येणार नाहीत. मोजणीदाराची बदली करून मग त्याची परीक्षा घ्यायची. त्या दिवशीच्या सर्वोत्तम यंत्राला मिळाले १२.४ टक्के. माझ्या आलेखावर हा ठिपका विकीएसक्यूएलच्या चढत्या रेषेच्या पायथ्याशी, जवळजवळ तळाला चिकटून बसला आहे. एकाच सुमाराची यंत्रं, एका कागदावर सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्यावर बारा.

पुढे मोठी भाषिक प्रारूपं आली आणि रेषा पुन्हा उभी चढली. २०२३ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या दोघांनी जीपीटी-४ कडून काम तुकड्यातुकड्यांत करून घेतलं, ८५.३. त्याच वर्षी आणखी एका पद्धतीने ८६.६. वर्षअखेर ९१.२. हेच भाचीचे एक्क्याण्णव.

मात्र बारा आणि एक्क्याण्णव हे एका तराजूवर तोललेले नाहीत. पहिला आकडा काढताना यंत्राने लिहिलेली क्वेरी भागाभागाने उत्तरपत्रिकेतल्या क्वेरीशी जुळवून बघितली होती. दुसऱ्यात क्वेरी चालवून मिळालेलं उत्तर तेच आलं की झालं. रेषा ओढताना मी या दोन ठिपक्यांना तुटक रेषेने जोडलं. भाचीला ते आवडलं नाही, पण कागद माझा होता.

उत्तर जुळलं म्हणजे रीत बरोबर, असं होत नाही हे आमच्या तालुक्यातल्या एका साध्या गोष्टीवरून कळेल. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात, नव्या हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. वीस गुंठ्यांचं शेत २०.२३ आर भरतं. यंत्राने (किंवा नवशिक्या कारकुनाने) जुन्या रकान्यातले गुंठे आर समजून बेरीज केली तरी शंभरातला एखादाच भाग चुकतो, आणि उत्तर पूर्णांकात मागितलं असेल तर कधी कधी तेवढाही दिसत नाही. पण शेत एकराच्या वर गेलं की भांडं फुटतं. ‘१-२०’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, सुमारे ६०.७ आर. त्याला एक हेक्टर वीस आर वाचलं की १२० आर. दुप्पट! कोकणातल्या तुकड्या-तुकड्यांच्या गावात, जिथे सगळेच हिस्से एकराच्या आतले आहेत, अशा गावावर परीक्षा घेतली तर चुकीच्या रीतीला शंभरपैकी शंभर. ही गोम ओळखून रुईची झोंग, ताओ यू आणि डॅन क्लाइन यांनी २०२० मध्ये उपाय काढला: तीच क्वेरी मुद्दाम बदललेल्या माहितीच्या अनेक डेटाबेसांवर चालवून बघायची. नशिबाने जुळलेलं उत्तर कुठेतरी उघडं पडतंच. आमचे एक नायब तहसीलदार दप्तर तपासायला आले की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान सर्व्हे नंबर आधी मागायचे. ‘मधले तुम्ही नीट केलेच असतील,’ असं म्हणायचे. त्यांना तेव्हा आम्ही नावं ठेवायचो.

२०२३ मध्येच ‘बर्ड’ हा संच आला. त्याच्यामागच्या मंडळींनी बारीक नेटक्या तक्त्यांचा नाद सोडला. ९५ डेटाबेस, मिळून ३३.४ जीबी, ३७ व्यवसायांतले. रकान्यांची नावं तुटकी, मूल्यं मळलेली. प्रश्न १२,७५१. आणि प्रत्येक प्रश्नासोबत, लागेल तिथे, एक टीप: या खात्यात अमुक आकड्याचा अर्थ तमुक. त्या टिपेसह जीपीटी-४ ला ५४.८९ टक्के पडले. टीप काढून घेतली तर पस्तिसाच्या आसपास. माणसांना ९२.९६.

या टिपेत मला अख्खा तलाठी दिसतो. सातबाऱ्यावरचं एखादं नाव कमी झालं की हस्तलिखितात ते खोडत नसत, त्याला कंस करत. नाव तसंच वाचता येतं, पण त्या माणसाचा हक्क संपलेला असतो. पुढे जुळणी करणाऱ्यांनी हे कंसही टंकले. आता तक्त्याला विचारा, या सर्व्हे नंबरात किती भोगवटादार? ओळी मोजणारा कंसातली नावंही मोजणार. भाचीने माझ्या सांगण्यावरून सातबाऱ्यासारखे काल्पनिक तक्ते तयार केले तेव्हा यंत्राने हेच केलं, निःशंकपणे, सुरेख रांगोळी काढावी तशी क्वेरी लिहून. ‘कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं’ एवढी ओळ वर लिहिल्यावर पुढची क्वेरी बिनचूक आली. पण ती ओळ तक्त्यात कुठेच नाही. ती तलाठ्याच्या डोक्यात असते आणि तलाठ्याची दर काही वर्षांनी बदली होते. तीच गत पोटखराब्याची, म्हणजे शेतातल्या लागवडीला न येणाऱ्या भागाची. ‘एकूण क्षेत्र किती’ असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला पोटखराबा धरून हवं असतं की वगळून, हे तो कर्जासाठी आलाय की मोजणीसाठी, यावर ठरतं.

आणि पनवेलचा भूगोलसुद्धा स्थिर नाही. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल शोधायचं असेल तर ठाण्याचा खंड काढावा लागतो. १८८३ मध्ये तालुका कुलाब्यात गेला. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचं रायगड झालं. १८५२ ची आमची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली आणि भोवतालच्या कित्येक ग्रामपंचायती तिच्यात विरल्या. एखाद्या भाबड्या माणसाने ‘रायगड जिल्हा, १९७५’ अशी अट घालून विचारलं, तर प्रामाणिक तक्ता शून्य ओळी देईल. क्वेरी बरोबर, उत्तर बरोबर, आणि त्या माणसाच्या हाती काही नाही.

भूसंपादनाने तर या तक्त्यांचं पार कडबोळं केलं. निवाडा एका साली, फेरफार दुसऱ्या साली, मोबदला तिसऱ्याच्या नावे कारण दुसरा मधेच वारला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्यांचं आंदोलन पेटलं, जासई परिसरात गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती कोणाला, किती? मूळ संपादित क्षेत्राच्या हिशेबाने. म्हणजे पुन्हा जुना सात, जुना कंस, जुने गुंठे. विमानतळासाठी हललेल्या दहा गावांना साडेबावीस टक्के मिळायचे होते, तेव्हा तोच गुंता आणखी दाट झाला. कोपर, चिंचपाडा, तरघर, कोल्ही, उलवे या गावांतल्या माणसांनी जमिनीवर जितके खेटे घातले नसतील तितके कागदांसाठी घातले.

२०२४ च्या शेवटी ‘स्पायडर’चीच दुसरी आवृत्ती आली. ६३२ कामं, प्रत्यक्ष कंपन्यांत पडतात तसली. काही डेटाबेसांत हजारांवर रकाने. ज्या यंत्राधारित पद्धतींना पहिल्या आवृत्तीत ९१.२ आणि ‘बर्ड’वर ७३ पडत होते, त्यांचा इथे तेव्हाचा सर्वोत्तम निकाल २१.३. माझा आलेख आता करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. चढ, मग नवी कसोटी, मग कडा. चढ नेमका किती हुशारीचा आणि किती त्या शेताच्या सवयीचा, हे प्रत्येक कड्यावर थोडं थोडं कळतं. दरम्यान ‘बर्ड’च्या उत्तरपत्रिकेतही चुका असल्याचं इतर संशोधकांनी दाखवून दिलं आहे, बँकव्यवहाराच्या भागात तर भरपूर. प्रिंगलसाहेबांचे मोजणीदार अजून रजेवर गेलेले नाहीत.

या बाबतीत आमच्या खात्याने एक गोष्ट चांगली केली, तिची नोंद मला करायलाच हवी. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचा केंद्राचा प्रयोग १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला, महाराष्ट्रातून वर्धा त्यात होता. पुढच्या दोन-अडीच दशकांत राज्यभर हस्तलिखित सातबारे टंकले गेले आणि टंकताना जे व्हायचं ते झालं: हिस्सा नंबर गळले, कंस निसटले, एकाच माणसाची दोन खाती झाली. तेव्हा संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करायची मोहीम निघाली, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात चावडीवाचन झालं. तलाठ्याने गाव जमवून सातबारे मोठ्याने वाचायचे, खातेदाराने ऐकायचं आणि चूक असेल तिथे हात वर करायचा. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चावडीवाचनात सगळीकडे सगळे आले असं मी म्हणणार नाही. भर मे महिन्यात, लग्नसराईत, कोण येतो! पण एवढी एकच कसोटी मी पाहिली जिच्यात उत्तरपत्रिका ज्याची माहिती त्यानेच तपासली. येलच्या अकरा विद्यार्थ्यांना ती सोय नव्हती.

तिकडे कोरियात एका चमूने तिच्या जवळ जाणारं काहीतरी केलं. २०२२ च्या त्यांच्या संचासाठी त्यांनी प्रश्न स्वतः रचले नाहीत. रुग्णालयातल्या २२२ कर्मचाऱ्यांना विचारलं की तुम्हाला रोज काय शोधावं लागतं. त्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, विम्याचे आणि नोंदींचे कागद बघणारेही होते. आणि या संचात असेही प्रश्न ठेवले ज्यांचं उत्तर त्या डेटाबेसात नाहीच. यंत्राने तिथे गप्प बसणं हेच बरोबर उत्तर.

आमच्या काल्पनिक तक्त्यांसाठी मी आणि भाची सध्या प्रश्न आणि उत्तरं लिहितो आहोत, मराठीत. सात भाषांतला एक संच २०२२ मध्ये निघाला आहे. त्यात जपानी आहे, व्हिएतनामी आहे, आपली नाही. प्रश्न लिहिणं सोपं गेलं. अडलं ते एका उत्तरावर. खातेदार वारला, तीन मुलांची नावं वारसाने लागली, चौथी बहीण, तिने हरकत घेतली आहे. प्रश्न: या खात्यात आज हिस्सेदार किती? भाची म्हणते, तक्त्यात तीन ओळी आहेत, तीन लिहा. मी म्हणतो, अँडरसनने यासाठी सहा-अ दिला आहे, वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. हरकत तिथे चढली असेल तर सहावरची नोंद निकाल लागेपर्यंत प्रमाणित होत नाही, आणि तुझ्या तक्त्यात सहा-अ नाही. ती म्हणाली, पण मामा, परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर लागतं. मी तिला चौथा तक्ता आखून दिला, रकान्यांसकट: अनुक्रमांक, फेरफार क्रमांक, हरकतदाराचं नाव, हरकतीचा दिनांक, निर्णय. निर्णयाचा रकाना रिकामा ठेवला आहे. आता यंत्राला तो तक्ता दाखवून पुन्हा विचारायचं आहे. पुढच्या रविवारी ती आली की बघू.